दातांच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णाची धास्ती कशी कमी करावी

“घाबरू नका, काही होत नाही.” घाबरलेल्या रुग्णाला हे ऐकून धीर येत नाही. त्याला एवढंच कळतं की घाबरण्यासारखं काहीतरी आहे आणि त्याबद्दल बोलायला इथे कुणाला वेळ नाही. धास्ती उतरते ती पुढे काय होणार हे नेमकं कळल्यावर, आणि नको वाटलं तर थांबवता येईल याची खात्री पटल्यावर. ही माहिती आणि ही खात्री रुग्णाला कशी द्यायची, कधी द्यायची आणि कुठे गडबड होते, ते पुढे क्रमाने दिलं आहे. अक्कलदाढ काढणं असो, इम्प्लांट बसवणं असो की हिरडीची शस्त्रक्रिया, रीत तीच. हे काम एकट्या डॉक्टरचं नाही. असिस्टंट, रिसेप्शनवर बसणारी व्यक्ती आणि रुग्णासोबत आलेलं घरचं माणूस, यांच्यापैकी एकानेही भलतं काही बोललं तर आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते.

भीती नेमकी कशाची?

“मला दातांची फार भीती वाटते” असं सगळेच म्हणतात, पण त्यामागचं कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणाला सुईची भीती, कुणाला ड्रिलच्या आवाजाची. कुणाची दाढ पूर्वी भूल नीट न चढताच काढलेली असते. कुणाला वाटतं, तोंडात पाणी साचून श्वास कोंडेल. आणि बऱ्याच जणांना भीतीपेक्षा लाज जास्त असते: इतके दिवस दुर्लक्ष केलं म्हणून आता बोलणी बसणार. सुईला घाबरणाऱ्याला ड्रिलबद्दल समजावून उपयोग नाही, म्हणून आधी विचारायचं.

विचारायला एक सोपी प्रश्नावली आहे, मॉडिफाइड डेंटल अँग्झायटी स्केल. त्यात पाचच प्रश्न असतात: उद्या डेंटिस्टकडे जायचं असेल तर कसं वाटेल, बाहेर नंबरची वाट बघताना कसं वाटेल, दात ड्रिल करायच्या वेळी, दात साफ करून घेताना, आणि वरच्या मागच्या दाताजवळ हिरडीत भुलेचं इंजेक्शन देताना. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण. बेरीज ५ ते २५ च्या मध्ये येते. १९ किंवा जास्त आली तर भीती तीव्र समजायची आणि नुसत्या बोलण्यावर न थांबता पुढे दिलेल्या औषधी उपायांचाही विचार करायचा. भरायला दोन-तीन मिनिटं पुरतात. बेरजेपेक्षाही कोणत्या प्रश्नाला ५ दिले आहेत ते बघा. इंजेक्शनला ५ आणि बाकी सगळीकडे २ असतील, तर तुमचं निम्मं काम ठरून गेलं.

प्रश्नावलीनंतर तोंडी दोन गोष्टी विचारा. पहिली: “मागच्या वेळी सगळ्यात जड काय गेलं?” उत्तर येईपर्यंत गप्प बसा, मध्येच धीर देऊ नका. दुसरी: “सुई किंवा रक्त बघून कधी चक्कर येऊन पडला आहात का?” या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर पुढे कोणता व्यायाम शिकवायचा ते ठरतं, त्यामुळे तो विसरू नका.

काही रुग्णांना आडवं झोपवलं जाणं, तोंडावर कुणाचा हात येणं, डोळ्यांसमोर कुणीतरी वाकणं हेच असह्य होतं. त्यामागे जुना अत्याचार असू शकतो. कारण खोदून विचारायची गरज नाही. “खुर्ची मागे घेऊ का?” असं दर वेळी विचारायचं, आणि “नको” म्हटलं तर जितकी मागे चालेल तितकीच घ्यायची.

माहिती वेगळ्या दिवशी द्या

जमत असेल तर समजावण्याची भेट आणि शस्त्रक्रिया यांत निदान काही दिवसांचं अंतर ठेवा. समजावताना रुग्ण साध्या खुर्चीत, कपडे-चपला घालून, तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर बसलेला असावा. शेजारी अवजारांचा ट्रे नसावा. डेंटल चेअरमध्ये आडवं पडून, गळ्यात बिब बांधून ऐकलेलं फारसं लक्षात राहत नाही.

सुरुवात अशी करा: “सगळं सविस्तर ऐकायचं आहे, की तुम्हाला काय करायचं आहे तेवढंच सांगू?” काही माणसांना एकेक पायरी कळली की शांत वाटतं, काहींना तीच माहिती रात्री झोपू देत नाही. दोघांना एकच भाषण देणं ही नेहमी होणारी चूक आहे.

ज्याला ऐकायचं आहे त्याला काय करणार यापेक्षा काय जाणवणार ते सांगा. खालची रुतलेली अक्कलदाढ असेल तर साधारण असं: “आधी हिरडीवर जेल लावू, ती कडवट लागेल. मग इंजेक्शन. तीन ते पाच मिनिटांत खालचा ओठ जाड झाल्यासारखा वाटेल. त्यानंतर हिरडी थोडी बाजूला करू, ते कळणार नाही. दाढेवरचं हाड थोडं कमी करायला ड्रिल लागेल. त्याचा आवाज येईल, जबडा थरथरल्यासारखा वाटेल आणि गार पाणी उडेल. दाढेचे तुकडे करून काढू, तेव्हा ‘कट्’ असा आवाज कानात मोठा येईल. तो आवाज दाढेचा आहे, जबड्याचा नाही. शेवटी टाके.” तो ‘कट्’ आवाज आधी सांगितला नसेल तर रुग्ण त्या क्षणी दचकतो आणि जबडा मोडला असं समजतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाब आणि दुखणं यांतला फरक. भुलेने दुखणं थांबतं. ढकलणं, ओढणं, थरथर हे जाणवत राहतं. हे न सांगितल्यामुळे दाब जाणवला की रुग्णाला वाटतं भूल चढलीच नाही, आणि इथून घबराट सुरू होते. तोंडी सांगून भागत नाही, करून दाखवा. रुग्णाला त्याच्याच अंगठ्याने दुसऱ्या तळहाताच्या मधोमध जोरात दाबायला सांगा. “जाणवतंय ना? दुखतंय का? दाढ काढताना एवढंच, फक्त जास्त जोरात.” मग नखाने हलकं टोचायला सांगा. “असं टोचल्यासारखं झालं तर हात वर करायचा, आम्ही आणखी भूल देऊ.” या अर्ध्या मिनिटाने पुढचा अर्धा तास सोपा जातो.

जे सांगितलं ते अर्ध्या पानात मोठ्या अक्षरात लिहून द्या. किती वेळ लागेल, काय खायचं, कोणती गोळी चालू ठेवायची, कोण सोबत हवं, आणि रात्री शंका आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. घाबरलेल्या माणसाला ऐकलेलं आठवत नाही आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटतो.

वेळ सकाळची, शक्यतो पहिली द्या. दुपारची वेळ म्हणजे तोपर्यंत सगळा दिवस धाकधूक, आणि आधीच्या कामांचा उशीर याच रुग्णाच्या वाट्याला.

घरी करायचा सराव

श्वासाचा व्यायाम सर्वांनाच माहीत असतो, पण खुर्चीत बसून पहिल्यांदा करायला गेलं की जमत नाही. निदान पाच-सहा दिवस आधीपासून, दिवसातून दोनदा, पाच पाच मिनिटं करायला सांगा. एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने ४ मोजेपर्यंत श्वास आत, पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळजवळ स्थिर. मग ओठांचा चंबू करून ६ मोजेपर्यंत सावकाश बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. उच्छ्वास लांब हवा, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. नेहमीची चूक म्हणजे “मोठा श्वास घ्या” सांगणं. रुग्ण भराभर मोठमोठे श्वास घेतो, बोटांना मुंग्या येतात आणि भीती वाढते. “सावकाश सोडा” म्हणा, घेण्याचं आपोआप होतं.

अंग ताठरणाऱ्यांसाठी दुसरा व्यायाम: पायापासून सुरू करून एकेक स्नायूगट ५ ते ७ सेकंद आवळायचा आणि २० ते ३० सेकंद सैल सोडायचा. पाय, मांड्या, पोट, मुठी, खांदे, शेवटी कपाळ. झोपण्यापूर्वी केला तर आदल्या रात्रीची झोपही बरी लागते.

मात्र सुई किंवा रक्त बघून ज्यांना चक्कर येते त्यांचं गणित उलटं आहे. त्यांचा रक्तदाब आधी वाढतो आणि मग एकदम कोसळतो. त्यात अंग सैल सोडायला सांगितलं तर ते लवकर बेशुद्ध पडतील. त्यांना ताण द्यायचा व्यायाम शिकवा. हात, पाय आणि पोटाचे स्नायू एकाच वेळी १० ते १५ सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहरा गरम झाल्यासारखा वाटेपर्यंत. मग २० ते ३० सेकंद सोडायचे, पण पूर्ण ढिले न करता, नेहमी बसतो तेवढेच. असं पाच वेळा. यामुळे रक्तदाब टिकून राहतो. ज्या हाताला सुई टोचायची असेल तो हात तेवढा मोकळा ठेवायचा.

आदला दिवस आणि सकाळ

फक्त जागेवरची भूल असेल तर उपाशी येऊ नये. शस्त्रक्रियेच्या दीड-दोन तास आधी हलकं जेवण घ्यावं. “ऑपरेशन आहे म्हणून काही खाल्लं नाही” हे खुर्चीत चक्कर येण्याचं अगदी नेहमीचं कारण. शिरेतून गुंगी किंवा पूर्ण भूल द्यायची असेल तर नियम वेगळा: घन आहार ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत. दोन्हींचा घोळ होऊ नये म्हणून कागदावर रुग्णाला लागू असलेला नियमच लिहा, दोन्ही नकोत.

रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीप्रमाणे घ्यायच्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ती देणाऱ्या डॉक्टरांशी डेंटिस्टने आधीच बोलून ठेवायचं. मधुमेहींनी जेवण आणि औषध यांचा मेळ चुकवू नये; जेवण टाळून इन्शुलिन घेतलं तर साखर उतरते, आणि साखर उतरल्याची थरथर व घाम भीतीसारखाच दिसतो. चहा-कॉफीचा जादा कप त्या सकाळी टाळलेला बरा, धडधड वाढते.

सैल गळ्याचे कपडे घालावेत. गुंगी द्यायची असेल तर नेलपॉलिश काढून यावं, बोटाला लावलेल्या यंत्राने रक्तातला ऑक्सिजन मोजायचा असतो. शस्त्रक्रियेचे व्हिडिओ आदल्या रात्री बघू नयेत.

सोबत येणाऱ्यालाही सूचना द्या. त्याने स्वतःच्या दाढेची कहाणी सांगायची नाही आणि “एवढं काय घाबरतेस” म्हणून हसायचं नाही. शेजारी बसून दुसऱ्या कशाबद्दल बोलायचं, एवढं पुरे.

बाहेर वाट बघताना

घाबरलेल्या रुग्णाला दहा मिनिटांपेक्षा जास्त बसवू नका. उशीर होणारच असेल तर तो आल्या आल्या सांगा: “वीस मिनिटं लागतील, हवं तर बाहेर फेरी मारून या.” नक्की वेळ कळली की माणूस बसतो, “आता होईलच” ऐकून तो दाराकडे डोळे लावून राहतो.

आतल्या खोलीचं दार बंद ठेवा. ड्रिलचा आवाज आणि लवंगेच्या तेलासारखा युजेनॉलचा वास, या दोन गोष्टींनी जुन्या आठवणी लगेच जाग्या होतात. हवा खेळती ठेवली आणि औषधांची झाकणं लावली तर वास बराच कमी होतो.

रक्तदाब आल्याबरोबर मोजला तर भीतीमुळे जास्त येतो. पाच-दहा मिनिटं शांत बसवून, पाय जमिनीला टेकवून, पुन्हा मोजा. तरीही १८०/११० च्या वर राहिला तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकला आणि फिजिशियनकडे पाठवा. रुग्णाला तो आकडा ओरडून सांगू नका.

संमतीपत्रावर सही याच टप्प्यावर, गुंगीचं औषध देण्याआधी घ्यायची. औषध दिल्यानंतरची सही ही संमती नव्हे.

खुर्चीत: थांबवायची खूण

आडवं होण्याआधी खूण ठरवा: डावा हात वर केला की सगळं थांबणार. डावा अशासाठी की उजवीकडे डॉक्टर बसलेले असतात (डावखुऱ्या डॉक्टरांनी उलटं करावं). मग ती खूण एकदा खरीच वापरून बघा. नुसता आरसा तोंडात घालून रुग्णाला हात वर करायला सांगा आणि त्याच क्षणी आरसा बाहेर काढा. शस्त्रक्रियेदरम्यान पहिल्यांदा हात वर होतो तेव्हा बहुतेक वेळा काही दुखत नसतं. रुग्ण तुमची परीक्षा बघत असतो. “झालंच, एक मिनिट” म्हणून काम चालू ठेवलं तर त्याचा विश्वास तिथेच संपला. थांबा, अवजार तोंडाबाहेर घ्या, विचारा, मग पुढे.

अवजारांचा ट्रे झाकलेला ठेवा किंवा मागच्या बाजूला. गाणी ऐकायची असतील तर रुग्णाच्या आवडीची, एकाच कानात, म्हणजे तुमचं बोलणं ऐकू येईल. पाणी साचायची भीती असलेल्याला सक्शनची नळी थोडा वेळ स्वतःच्या हातात धरू द्या, तोंडातलं पाणी ती कसं खेचते ते एकदा बघितलं की श्वास कोंडण्याची धास्ती ओसरते.

शब्द जपून वापरा. “दुखणार नाही” असं वचन देऊ नका. एकदा दुखलं की पुढचं काहीच खरं वाटत नाही. आणि “आता जोरात टोचेल हं” हेही नको, तीव्र दुखण्याची सूचना मिळाली की दुखणं खरंच जास्त जाणवतं. मधला मार्ग: “आता थोडं चिमटीसारखं वाटेल, दहा सेकंद, मग दाब.” असिस्टंटशी बोलतानाही हेच. “मोठी सुई दे”, “ब्लेड बदल”, “अरे, रक्त थांबत नाहीये” ही वाक्यं रुग्णाच्या डोक्यावरून जात नाहीत. अवजारांची मागणी हाताच्या खुणेने किंवा क्रमांकाने करायची सवय लावा.

इंजेक्शन

बहुतेकांची खरी भीती इथे असते, म्हणून इथे घाई करू नका. हिरडी गॉजने (जाळीदार पट्टीने) आधी कोरडी करा. ओल्यावर लावलेली जेल लाळेबरोबर वाहून जाते आणि उलट घसा बधिर होऊन रुग्णाला गिळता येत नाही असं वाटतं. कापसाच्या काडीवर मटाराएवढीसुद्धा नको, थोडीच जेल घ्या आणि किमान एक-दोन मिनिटं तिथेच राहू द्या. लावल्या लावल्या सुई टोचायची असेल तर जेलचा काही उपयोग नाही. ती वरचे दोन-तीन मिलिमीटरच बधिर करते, त्यामुळे खोल जाताना थोडं जाणवेल हे सांगून ठेवा.

भुलेच्या औषधाचं काडतूस (सिरिंजमध्ये बसणारी भरलेली छोटी नळी) फ्रिजमधून थेट वापरू नका, खोलीच्या तापमानाला येऊ द्या. गाल किंवा ओठ ताणून घट्ट धरा. ताणलेल्या भागात सुई सहज शिरते. सिरिंज रुग्णाच्या हनुवटीखालून न्या, डोळ्यांसमोरून नाही. पण “इंजेक्शन देणार नाही” असं खोटं सांगू नका. सुई शिरल्यावर दोन-चार थेंब सोडा, काही सेकंद थांबा, मग पुढे. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना बघा. वेग मिनिटाला १ मिलिलिटर, म्हणजे १.८ मिलिलिटरचं काडतूस संपायला दीड-दोन मिनिटं. भराभर दाबलं की पेशी ताणल्या जातात आणि जी कळ येते ती सुईपेक्षा त्या दाबाची असते. टाळूवर हिरडी हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने तिथलं इंजेक्शन सर्वांत जास्त दुखतं. तिथे टोचायच्या जागेशेजारी काडीच्या टोकाने आधी घट्ट दाबून धरा, दाब चालू असतानाच सुई लावा आणि जागा पांढुरकी होईल इतकेच थेंब द्या.

औषधात बहुधा अ‍ॅड्रेनलिन असतं, त्यामुळे काही रुग्णांना एक-दोन मिनिटांत छातीत धडधड आणि हातांना कंप जाणवतो. आधी सांगितलं नसेल तर तो हे हृदयविकाराचं लक्षण समजतो. “धडधड होऊ शकते, ती औषधाची आहे, काही मिनिटांत जाईल.” हृदयरोग्यांना मात्र एकूण अ‍ॅड्रेनलिन ०.०४ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. म्हणजे १:१,००,००० प्रमाणात अ‍ॅड्रेनलिन असलेली १.८ मिलिलिटरची साधारण दोन काडतुसं. धडधडीबरोबर छातीत दुखत असेल, दाटून येत असेल तर ती भीती समजून पुढे जायचं नाही. काम थांबवून तातडीची मदत बोलवायची.

भूल चढली का हे विचारून नका ठरवू, तपासा. खालच्या जबड्यात ओठ जाड होतो. तरीही गालाच्या बाजूची हिरडी वेगळ्या नसेच्या ताब्यात असते, तिथे वेगळं इंजेक्शन लागतं. ते राहिलं तर ओठ बधिर असूनही पहिल्याच टोचणीला रुग्ण उसळतो. टोकदार अवजाराने दोन्ही बाजूंना तपासा. पू झालेल्या, सुजलेल्या जागी आम्लता वाढलेली असल्याने भूल कमी चढते. रुग्ण नाटक करत नसतो. दहा मिनिटांनी पुन्हा द्यावी लागली तर एकूण मात्रा मोजा: अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची (नेहमीच्या भुलेच्या औषधाची) मर्यादा निरोगी प्रौढासाठी किलोला ७ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ५०० मिलिग्रॅम, २ टक्क्यांच्या १.८ मिलिलिटर काडतुसात ३६ मिलिग्रॅम असतं.

गडबड झाली तर

चक्कर येण्याआधी रुग्ण जांभया देतो, चेहरा पांढरा पडतो, वरच्या ओठावर घाम येतो, मळमळतं. एवढं दिसलं की सुई लगेच बाहेर, खुर्ची पूर्ण आडवी, पाय डोक्यापेक्षा वर. गळ्याचं बटण सोडा, ऑक्सिजन द्या. गरोदर बाईला डाव्या कुशीवर वळवा. शुद्ध बहुतेक वेळा मिनिटाच्या आत येते. दोन मिनिटांत आली नाही तर ही साधी चक्कर नव्हे: श्वास आणि नाडी बघा, साखर तपासा, मदत बोलवा, श्वास नसेल तर छातीदाब सुरू करा. शुद्ध आल्यावर लगेच उठवून बसवू नका, पुन्हा पडतात. त्या दिवशी काम पुढे ढकललेलं चांगलं.

भराभर श्वास घेऊन बोटांना, ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं आखडली, तर उलट करायचं: बसतं करा, ऑक्सिजन नको, तुमच्या बरोबर मोजत सावकाश श्वास सोडायला लावा. तोंडावर कागदी पिशवी धरायचा जुना उपाय आता करत नाहीत, कारण खरोखर दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो घातक ठरतो.

ओकारीची उबळ येणाऱ्याला नाकाने श्वास घ्यायला आणि एक पाय खुर्चीवरून थोडा उचलून धरायला सांगा. पाय धरून ठेवण्यात लक्ष गुंतलं की बहुतेकांची उबळ ओसरते.

औषधाची मदत

बोलून, सराव करूनही भीती आवरत नसेल तर गुंगी देणं हा काही पराभव नाही. सगळ्यात सौम्य म्हणजे नाकावरच्या मास्कमधून नायट्रस ऑक्साइड हा गुंगीचा वायू. आधी शंभर टक्के ऑक्सिजन, मग नायट्रस १० टक्क्यांच्या टप्प्यांनी वाढवत न्यायचं; बहुतेक प्रौढांना ३० ते ५० टक्क्यांत हातपाय जड, ऊबदार वाटायला लागतात. रुग्ण बोलता-ऐकता राहिला पाहिजे. मळमळ किंवा अस्वस्थता दिसली तर प्रमाण जास्त झालंय, कमी करा. शेवटी पाच मिनिटं नुसता ऑक्सिजन. नाक चोंदलेलं असेल, गरोदरपणाचे पहिले तीन महिने असतील, फुप्फुसाचा जुना गंभीर आजार असेल किंवा डोळ्यात नुकताच वायू भरून शस्त्रक्रिया झाली असेल, तर हे वापरायचं नाही.

डायझेपामसारखी गुंगीची गोळी फक्त डॉक्टरांनी लिहून दिलेलीच घ्यायची. घरातली कुणाची झोपेची गोळी घेऊन येणं धोक्याचं आहे, आणि ती घेतल्याचं लपवणं त्याहून धोक्याचं. वृद्धांना मात्रा निम्मी पुरते. दारू, अफूवर्गीय वेदनाशामकं यांच्यासोबत ती घेतली तर श्वास मंदावतो; झोपेत घोरताना श्वास अडकणाऱ्यांनाही ती धोक्याची. सोबत जबाबदार माणूस हवा, २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही. शिरेतून गुंगी द्यायची असेल तर ती प्रशिक्षित माणसानेच, ऑक्सिजन, नाडी आणि रक्तदाबावर सतत नजर ठेवून द्यावी. बेंझोडायझेपिनचा, म्हणजे डायझेपामच्या वर्गातल्या औषधांचा, उतारा म्हणजे फ्लुमाझेनिल हाताशी हवं. आणि गुंगी दिली तरी जागेवरची भूल द्यावीच लागते, हे रुग्णाला आधी सांगा.

लहान मुलं

मुलांसाठी सांगा, दाखवा, करा हा क्रम. “हा वारा सोडणारा पाइप आहे,” म्हणून आधी त्याच्या नखावर वारा सोडा, मग दातावर. “दाताला झोपवायचं औषध” असं म्हटलं तरी चालेल, पण त्याने “टोचणार का?” असं सरळ विचारलं तर “थोडंसं, मी पाचपर्यंत मोजेपर्यंत” असं खरं सांगा. आणि पाचला थांबा. सहा झालं की पुढच्या भेटीत ते मूल तोंड उघडणार नाही. घरी कुणीही “नीट वागला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील” म्हणू नये. आई किंवा बाबा जवळ असतील तर एकानेच बोलायचं. तिघं एकदम धीर देऊ लागले की मूल रडतं. काम संपल्यावर “शहाणा” म्हणण्यापेक्षा “तू तोंड मोठं उघडून ठेवलंस, म्हणून लवकर झालं” असं नेमकं कौतुक करा.

काम संपल्यावर

अनेकांची उरलेली भीती घरी गेल्यावरची असते. ओठ दोन ते चार तास बधिर राहील, तोवर गरम काही नको आणि ओठ चावला जाऊ नये. वेदनाशामकाची पहिली गोळी भूल उतरायच्या आधी घ्यायची. दुखायला लागल्यावर घेतली तर तासभर तळमळावं लागतं. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि मग उतरते. हे सांगितलं नसेल तर दुसऱ्या दिवशी आरशात गाल बघून रुग्ण घाबरून फोन करतो. पहिल्या दिवशी लाळेत थोडं लालसर दिसणं चालतं. गॉजवर अर्धा तास सलग घट्ट चावूनही रक्त थांबत नसेल, ताप आला, गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर लगेच फोन.

संध्याकाळी क्लिनिकमधून एक फोन करा, दोन मिनिटांचा. आणि त्याच दिवशी रुग्णाच्या कार्डावर लिहून ठेवा: कोणता भाग जड गेला, किती काडतुसं लागली, हात किती वेळा वर केला, कोणतं गाणं लावलं होतं, खुर्ची किती मागे चालली. पुढच्या वेळी समोर दुसरे डॉक्टर असले तरी रुग्णाला हे सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागणार नाही.